हाताला गुण

९ जानेवारी

डॉक्टरसाहेब,

आशीर्वादाचा भाग वगळतो. तू ते घेत नाहीस आणि माझ्याकडचेही संपत आलेत.

तुझ्याकडे एक काम आहे, म्हणून हे पत्र. फोन सहा वेळा केला. दर वेळी तुझ्या दवाखान्यातली बाई म्हणते, "डॉक्टर पेशंट बघतायत, आपण कोण?" मी म्हणतो, "भाऊ." ती म्हणते, "कोणाचे?" आता यावर मी काय बोलू!

काम असं की चिंगीला मुलगा झाला, आज पाच आठवडे झाले. तू जाऊन बघून आलास हे तुझ्या वहिनीकडून कळलं. मीही गेलो होतो. नखं कापून, हात दोनदा धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. तुझ्या वहिनीनं बाळ पोटभर घेतलं. मग मी हात पुढे केले. जावईबापूंनी बाळ मधल्यामध्ये उचललं आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही दुरूनच बघा ना." चिंगी खिडकीकडे तोंड करून बसली. ही माझी लेक. हिचे लहानपणी केस कापायला दुसऱ्या कोणी कात्री हातात घेतली तर घर डोक्यावर घ्यायची.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं सगळं ओकून टाकलं. तू म्हणे त्यांच्या सोफ्यावर बसून चहा पिता पिता म्हणालास, "दादाच्या हाताला काही झालेलं नाही. जे आहे ते मनात आहे. बाळ देताना जरा बघून द्या."

वा रे पठ्ठ्या! हात थरथरतो म्हणाला असतास, तर त्यांनी माझ्या मांडीवर उशी ठेवली असती आणि वर बाळ. मनात आहे म्हणालास. म्हणजे हात चांगला आणि माणूस वाईट, असंच ना?

आपल्या आप्पांच्या गळ्याला माझा वस्तरा लागला आणि तुला चार टाके घालावे लागले, हे मी नाकारत नाही. पण आप्पा त्यानं गेले नाहीत. ते त्यानंतर सहा आठवड्यांनी छातीच्या दुखण्यानं गेले आणि तसा दाखला तूच दिलास. तरी तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, तू या घराची पायरी चढला नाहीस. त्या सकाळी माझ्या मनात काय होतं म्हणून विचारशील, तर काहीही नव्हतं. दाढी करताना माणसाच्या मनात काय असणार? समोर गाल असतो, तोच मनात असतो.

तर चिंगीला एक फोन कर. सांग की मी चुकीचं बोललो, आजार हाताचा आहे. तू डॉक्टर आहेस, तुझ्या एका वाक्यानं बाळ गेलं, एका वाक्यानं येईल. मला नातू मांडीवर घ्यायचा आहे. बाकी तुझं घर, तुझी गाडी, तुझा मान, सगळं तुला लखलाभ.

दादा


२६ जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. बरं. मौनं डॉक्टरलक्षणम्.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला की बोलायचं काम माझंच असायचं, चाळीस वर्षं. म्हणून आज तुझ्या त्या परीक्षेबद्दल बोलतो.

आप्पांना टाके घातलेस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला दवाखान्यात बोलावलंस. पेन दिलंस, मी लिहिलं. शर्टाची बटणं लाव म्हणालास, लावली. चमचा धरला. मग फुगा फुगवलास, त्याला फेस लावलास आणि वस्तरा हातात दिलास. मी फुग्याची दाढी केली. सरळ केली, उलटी केली. फुगा फुटला नाही. तुझा कंपाउंडर टाळ्या वाजवायचा बाकी होता. मग तूच त्याला खुर्चीत बसवलंस. धार नसलेला वस्तरा त्याच्या गळ्याजवळ नेला मात्र, आणि अंगठा आत वळला, मनगट फिरलं, मूठ आवळली. तू लगेच हात धुवायला गेलास. पाठमोरा म्हणालास, "दादा, हातात दोष असता तर फुग्यावरही दिसला असता. हात थोडाच माणूस ओळखतो? मन ओळखतं. तुझा आप्पांवर राग आहे."

फुगा फुटला नाही म्हणून मी दोषी ठरलो. फुटला असता तर निर्दोष सुटलो असतो, आणि तू आज माझ्याशी बोलत असतास.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. तुझी चिठ्ठी घेऊन मी त्या मोठ्या इस्पितळात पाचव्या मजल्यावर गेलो, मनाच्या डॉक्टरांकडे. तीन महिने, दर बुधवारी. भला माणूस होता. लहानपण विचारलं, आई विचारली, आप्पांचा मार विचारला. मी ढसाढसा रडलो, चष्मा पुसायला त्यांनीच कागद दिला. शेवटी म्हणाले, "तुमच्या मनात दुःख आहे, पण ते या गावात कोणाच्या नाही? हाताचं कारण मला इथे सापडत नाही. दुसऱ्या मजल्यावर दाखवा." दुसऱ्या मजल्यावर हाडवाले. त्यांनी फोटो काढला, उजेडाला धरला, म्हणाले, "काय सुरेख मनगट आहे हो! वर मनाचं बघून घ्या." मधले दोन मजले मला कोणी दाखवलेच नाहीत. लिफ्टवाला मला ओळखायला लागला. दार उघडून विचारायचा, "काका, आज वर की खाली?"

त्याच्यावर राग धरला नाही. तू सोडून कोणावरच धरला नाही.

एक गोष्ट मात्र आज सांगतो, कारण आज ना उद्या सलूनमधला माझा भागीदार तुला सांगेलच. आप्पांना लागलं तेव्हा हात बिघडून आठ महिने झाले होते. पहिल्यांदा एका शाळामास्तरांच्या हनुवटीखाली अंगठा आत सरकला. मी वस्तरा बदलला. मग खुर्ची बदलली. मग चष्म्याचं निमित्त करून दाढ्या भागीदाराकडे सरकवायला लागलो आणि स्वतः फक्त केस कापत राहिलो. कात्रीला हात कधी अडला नाही. पण घरी आप्पा. दुसऱ्या कोणाच्या हातची दाढी त्यांना चालायची नाही. तुझी वहिनी म्हणाली होती, मशीन आणा. मी म्हणालो, माझ्या बापाला मशीन? आणि दिवसाआड करत राहिलो, श्वास रोखून.

लपवलं, हे चुकलं माझं. पण ती चूक भित्रेपणाची, मनातल्या पापाची नव्हे. चिंगीला फोन कर.

दादा


१५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझी तीन ओळींची चिठ्ठी पोचली. तिच्याकडे येतो. आधी माझी बातमी.

एका गिऱ्हाइकानं मेंदूच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. बाई वयानं चिंगीएवढ्या. म्हणाल्या, भागीदाराला आणा, बोथट वस्तरा आणा, ब्रश आणा. त्यांच्या खोलीत मी भागीदाराला फेस लावला. अंगठा आत वळला. बाई अर्धा मिनिट वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "हा आजार मी ओळखते. शिंप्यांना होतो, वाजवणाऱ्यांना होतो, लिहिणाऱ्यांना होतो. ज्या कामात हात मुरला, नेमका त्याच कामात अडतो. फुग्यावर अडणार नाही, कारण ते काम नव्हे, खेळ झाला."

बारक्या, मला भरून आलं. दीड वर्षात 'ओळखते' असं कोणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूत प्रत्येक बोटाची आपली पायवाट असते. चाळीस वर्षं एकाच कामासाठी तुडवून तुडवून त्या वाटा रुंद झाल्या, एकमेकींत मिसळल्या. आता एका बोटाला हाक मारली की चारही उठून येतात. मी विचारलं, "मग हे शरीराचं की मनाचं? घरात भांडण लागलंय, काय ते एक सांगा." त्या हसल्या. म्हणाल्या, "वस्तरा धरायला शिकलात ते मनानं की हातानं?" मी म्हणालो, "बाई, मी आपला केस कापणारा, मला कोड्यात टाकू नका." तर म्हणतात, "आम्हाला मजले बांधायची हौस, काका. माणूस मजल्यामजल्यानं आजारी पडत नाही." तोंडावर म्हणाल्या, स्वतःच्या इस्पितळाबद्दल!

मी मुद्द्याचं विचारलं. रागानं होतं का? म्हणाल्या, "रागानं हा आजार होत नाही. पण झालेला असला तर रागात, ताणात, भीतीत वाढतो." म्हणजे तू पूर्ण चूक नाहीस आणि पूर्ण बरोबरही नाहीस. हे लिहिताना मला किती कडू लागतंय, तुला कळणार नाही.

हातात सुया दिल्या आहेत. स्नायू थोडा सैल पडेल, म्हणाल्या, गुण यायला दोन आठवडे लागतील. कायमचं बरं होईल असं वचन दिलं नाही. तुम्हा लोकांत वचन न देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

आता तुझी चिठ्ठी. "दादा, आप्पा त्या सकाळी काय म्हणाले ते खरं लिही. तू लिहिलंस की मी चिंगीशी बोलेन." एवढंच. पाच वर्षांच्या पोराला दरडावावं तसं. आणि हे तुला कसं कळलं, की ते काही म्हणाले होते? टाके घालताना त्यांनीच सांगितलं असणार. म्हणजे तुला सगळं माहीत आहे आणि तरी माझ्या तोंडून हवं आहे.

मी लिहिणार नाही.

दादा


२१ फेब्रुवारी

लिहितो.

सहा दिवस सलूनमध्ये कामात चुका करतोय. एकाचा कल्ला वर गेला, एकाचा खाली. तर घे.

आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी डावा गाल केला. तू आदल्या दिवशी येऊन गेला होतास, महिन्यातून एकदा यायचास तसा, वीस मिनिटं. आप्पांची कळी खुललेली. मी मान वर करा म्हटलं. त्यांनी केली, आणि छताकडे बघत म्हणाले, "धाकट्याच्या हाताला गुण आहे हो. नुसता हात लावला तरी बरं वाटतं. तुझ्या हातात काय, वस्तरा."

सात वर्षं मी त्यांचं अंथरूण बदललं. याच हातानं अंघोळ घातली, घास भरवला, याच हातानं त्यांची घाण काढली. आणि हाताला गुण तुझ्या.

मला राग आला, हे सांगायला तुझी चिठ्ठी नको. राग मला पंचवीस वर्षं येत होता आणि हात लोण्यासारखा चालत होता. पण त्या क्षणी रागाच्याही पुढचं काहीतरी आलं. मला वाटलं, आता नुसता दाबला तर. बस. विचार पुराही झाला नाही. आणि हात वळला.

की आधी हात वळला? हे मला सांगता येत नाही, बारक्या. दीड वर्ष रोज तो क्षण मी उलटासुलटा करून बघतोय. अंगठा आत जाताना मला कळलं, आणि भीतीनं मनात आलं की हा आता कापणार, आणि तीच भीती मला नंतर इच्छा वाटायला लागली? की इच्छा आधी होती आणि हातानं तिचं ऐकलं? इतक्या पटकन झालं की रक्त आधी दिसलं. आप्पा ओरडलेही नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल दाबून धरला आणि तुझ्या वहिनीला हाक मारली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मनात काही नव्हतं. ते खोटं होतं. घे, मिळालं तुला हवं ते. आता तुझी पाळी.

दादा


८ मार्च

बारक्या,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं होतं तू फोन करशील. तू प्रमाणपत्र पाठवलंस, छापील कागदावर, शिक्क्यासह. "सदर आजार हा पूर्णतः शारीरिक असून त्याचा रुग्णाच्या मनःस्थितीशी कोणताही संबंध नाही." खाली सही. वर चिठ्ठी, "हे चिंगीला दाखव. विषय संपला."

मी ते चार वेळा वाचलं. मी राग नव्हता म्हणत होतो, तेव्हा तू म्हणत होतास, सगळं मनात आहे. मी कबूल केलं की राग होता, तर तू लिहून देतोस की मनाचा काही संबंधच नाही. कोणत्या पुस्तकातलं रे हे? त्या बाईंनी तरी मला इतकं स्वच्छ सोडलं नव्हतं. मला वाटतं तुला माझी दया आली. किंवा माझं पत्र वाचून तू घाबरलास आणि लवकर दार लावून घेतलंस.

कागद कपाटात ठेवलाय. चिंगीला अजून दाखवला नाही. जावईबापू हुशार आहेत. ते वाचतील आणि विचारतील, "डॉक्टरकाकांना खरंच असं वाटतं?" तेव्हा मी काय सांगू?

म्हणून एक मागणं आहे. सुयांना गुण आलाय. गेल्या दहा दिवसांत मी एकवीस दाढ्या केल्या. पहिली भागीदाराची, तो बिचारा जीव मुठीत धरून बसला. मग ओळखीचे, सगळं सांगून बसवलेले. कोणाला ओरखडासुद्धा नाही. बाईंनीही येऊन बघितलं, चालू द्या म्हणाल्या. तेव्हा तू रविवारी ये. सलून दुपारी बंद असतं. खुर्चीत बस. मी तुझी दाढी करतो, लहानपणी पहिली केली होती तशी. तू सही केली आहेस ना? मग बस.

नाही आलास तरी कागद माझ्याकडे आहेच, चिंगीला दाखवीन. मग तो कागद खरा की खोटा, हे तू आणि मी समजून घेऊ.

दादा


२० मार्च

बारक्या,

तू आलास. येशील असं वाटलं नव्हतं. गाडी दोन दुकानं पलीकडे लावलीस आणि चालत आलास. केस पांढरे झालेत तुझे, मला कोणी सांगितलं नव्हतं.

तू विचारलंस, "वहिनी बऱ्या आहेत ना?" एवढंच. मी कपडा बांधला, ब्रशनं फेस लावला. फेस लावताना तू डोळे मिटलेस आणि क्षणभर मला वाटलं, झालं सगळं नीट. वस्तरा पट्ट्यावर फिरवला तेव्हा तुझा एक डोळा उघडला.

गाल छान झाले. मग मान मागे घे म्हटलं. घेतलीस. दगडासारखी. मी म्हणालो, "सैल सोड." तू म्हणालास, "सोडलीय." मी बोट लावून बघितलं, शिरा ताठ होत्या. "अरे, सोड की." "सोडलीय, दादा." तू खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच वाटत होतं की सोडलीय. आरशात मला तुझे हात दिसत होते. खुर्चीचे दांडे असे आवळून धरले होतेस की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

माझा अंगठा जागच्या जागी होता. मी हळूहळू सगळा गळा केला. गेल्या दोन वर्षांत इतकी चांगली दाढी मी केली नाही. टॉवेलनं पुसलं, तुरटी फिरवली. तू उठलास, हनुवटीखालून हात फिरवलास, आणि मग बोटं डोळ्यांसमोर धरून बघितलीस.

रक्त शोधत होतास. तुलाही कळलं की मला कळलं. तू खाली बघितलंस आणि खिशात रुमाल शोधायला लागलास.

मला तेव्हा राग आला नाही. आज येतोय. तुझं प्रमाणपत्र या पाकिटात परत पाठवतोय. तुझ्या अंगाला जे पटलेलं नाही, ते माझ्या लेकीला कशाला दाखवू? तू डॉक्टर म्हणून दोनदा लिहून दिलंस, एकदा सगळं मनात, एकदा सगळं शरीरात. दोन्ही वेळा मला पूर्ण बघायची तुझी तयारी नव्हती. आप्पांचीही नव्हती. यापुढे पत्र लिहिणार नाही. तू आलास याबद्दल आभार, ते खरे आहेत. बाकी आपलं जे होतं ते त्या खुर्चीत संपलं.

काल चिंगीकडे गेलो आणि मीच सगळं सांगितलं. आजार सांगितला, सुया सांगितल्या. आप्पा काय म्हणाले आणि मला काय वाटलं तेही सांगितलं, त्यातला एक शब्द गाळला नाही. जावईबापू उठून गॅलरीत गेले. चिंगी बराच वेळ बाळाच्या झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाबा, नीट टेकून बसा." तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. वजन असतं रे पोराला, पाळण्यात बघून कळत नाही. मी उजवा हात त्याच्या मानेखाली घातला. तिनं तिचा हात माझ्या हाताखाली घातला.

मी म्हणालो, "धरलंय मी. काढ आता."

"हो बाबा, काढते," म्हणाली.

बाळ अर्धा तास झोपलं. तिनं हात काढला नाही.

दादा